रायरेश्वराच्या गवताळ माथ्यावर दोन दिवस: मुक्काम, जेवण आणि वाटाड्या यांविषयी

भोर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, रायरेश्वराचे लांबलचक पठार पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरच्या या पठाराला किल्ला म्हणण्याची रीत आहे. परंतु तटबंदी, बुरूज, बालेकिल्ला अशा खुणा शोधत जाणाऱ्याच्या हाती तिथे फारसे काही लागत नाही. तिथे आहे ते गवत, वारा, पाणी, एक जुने शिवमंदिर आणि पिढ्यान्‌पिढ्या या माथ्यावर शेती करून राहणारी जंगम कुटुंबे. याच कुटुंबांपैकी काही जण आता पाहुण्यांची जेवणाची व मुक्कामाची सोय करतात आणि सांगितल्यास पठार फिरवून आणायला घरातला एखादा जाणता माणूसही सोबत देतात. गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी आणि बुधवारी, मी व माझी थोरली बहीण अशा एका घरी राहिलो. त्या सोयीविषयी, आणि त्या सोयीमुळेच शक्य झालेल्या पठारावरच्या चालीविषयी, हे सविस्तर लिहीत आहे.

यापूर्वी मी रायरेश्वर पाहिले होते असे मी सांगत असे. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सहल-आयोजकाबरोबर श्रावणातल्या एका रविवारी गेले होते. पहाटे बस, रस्त्यात पोहे, दुपारी बाराच्या सुमारास शिडी, मंदिरापाशी जेवण, ‘सात रंगांची माती’ दाखवण्याची घाई आणि तीनला परतीची शिट्टी असा तो दिवस होता. चाळीस माणसांच्या रांगेत पुढच्याच्या पाठीवरची पिशवी पाहत मी चालले. पठारावर एकंदर तीन तास घालवले आणि त्यातला निम्मा वेळ कोणाची तरी वाट पाहण्यात गेला. खरे पाहता पश्चिमेकडचे सगळे पठार, म्हणजे रायरेश्वराचा अर्ध्याहून मोठा भाग, आम्हांला दिसलाच नव्हता. आयोजकाने पत्रकात दिलेले प्रत्येक ठिकाण दाखवले होते, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. तरीही पैसे देऊन आपण नेमके काय घेतले, हा प्रश्न मला परतीच्या बसमध्ये पडला होता. या वेळी मुक्काम करायचाच, आणि तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी, हे मी तेव्हाच ठरवले होते.

पुण्याहून सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत, तिथून उजवीकडे वळून भोर, आणि भोरहून अंबवडे, टिटेघर, कोर्ले असा रस्ता आहे. अंबवड्याला नागेश्वराचे देऊळ आणि भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे. जाताना अर्धा तास तिथे जरूर थांबावे, कारण गर्द झाडीतल्या त्या गारव्यानंतर पुढचा उघडा, चढा मुलूख अधिक स्पष्टपणे जाणवतो. भोरहून कोर्ल्याकडे एस.टी. जाते, परंतु फेऱ्या मोजक्या आहेत आणि त्यांच्या वेळा भोरच्या स्थानकात विचारूनच निघावे. स्वतःचे वाहन असल्यास केंजळगड आणि रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत, म्हणजे जवळजवळ शिडीच्या पायथ्याशी जाता येते. शेवटचा घाट अरुंद आहे, वळणे तीव्र आहेत, आणि समोरून वाहन आले तर दोघांपैकी एकाला बरेच मागे जावे लागते. ज्यांना घाटात गाडी चालवण्याची सवय नाही त्यांनी ती खालच्या गावात लावून रस्त्यानेच चालत वर यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तासाभराची ती चढण अजिबात वाया जात नाही; केंजळगडाचा माथ्यावरचा कातळ प्रत्येक वळणावर थोडा थोडा जवळ येत राहतो.

शिडीबद्दल लोकांच्या मनात भीती असते, म्हणून तिचे नीट वर्णन करते. पठाराच्या कड्याला लोखंडी शिडी पक्की बसवलेली आहे, तिला दोन्ही बाजूंना धरायला कठडे आहेत आणि पायऱ्या पाऊल पूर्ण मावेल एवढ्या रुंद आहेत. माझी बहीण चौसष्ट वर्षांची आहे व तिचा डावा गुडघा दुखरा आहे. ती न थांबता वर गेली. पावसाळी दिवसांत लोखंड निसरडे होते आणि वाऱ्याचा झोत अंगावर येतो, त्यामुळे पाठीवरचे ओझे नीट आवळलेले असावे व दोन्ही हात मोकळे असावेत, एवढीच काळजी पुरे. आम्ही चढत असताना वरून एक तरुण डोक्यावर मोकळा गॅस सिलेंडर घेऊन एका हाताने कठडा धरत उतरत होता. त्याला वाट देण्यासाठी आम्ही खाली सरू लागलो, तर “तुम्ही या सावकाश वर, मी थांबतो” असे म्हणून तोच सिलेंडर डोक्यावर तसाच ठेवून कडेला उभा राहिला. पठारावरच्या घरांत जे जे दिसते, पत्रे, सिमेंट, साखर, औषध, ते सारे असेच कोणाच्या तरी डोक्यावरून आले आहे, ही गोष्ट त्यानंतर दोन दिवस माझ्या मनातून गेली नाही. जेवणाच्या दराबद्दल घासाघीस करणाऱ्यांनी ही शिडी चढताना तेवढे ध्यानात ठेवावे.

शिडी संपली की एकदम सपाटी येते. चढाने धापा टाकत आलेला माणूस समोर नाचणीची हिरवी-तांबूस वावरे, त्यांच्या बांधांवरची पिवळी सोनकी आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत गेलेले गवत पाहून थबकतो. खाली घाटात जो डोंगर भिंतीसारखा उभा होता, त्याच्या माथ्यावर एक संपूर्ण गावशीव पसरलेली असावी, हे पहिल्यांदा पाहताना सहज पटत नाही. मंदिरापर्यंत अर्ध्या तासाची निवांत वाट आहे. वाटेत गोमुखाचे बारमाही पाणी लागते. ते थंड आणि चवीला गोड आहे; आम्ही दोघींनी बाटल्या तिथेच भरल्या आणि दोन्ही दिवस तेच पाणी प्यायलो.

रायरेश्वराचे मंदिर ठेंगणे, दगडी आणि शांत आहे. शिवाजी महाराजांनी मावळातल्या सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ इथेच घेतली अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा आहे आणि त्या घटनेचे वर्ष १६४५ सांगितले जाते. त्याच वर्षाच्या, महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना लिहिल्याचे मानले जाणाऱ्या पत्रात ‘रोहिरेश्वर’ असा उल्लेख येतो. त्यामुळे ही जागा रायरेश्वराची की जवळच्याच रोहिडखोऱ्यातली दुसरी, आणि पत्राचा पुरावा कितपत ग्राह्य धरावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही आणि या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गाभाऱ्याच्या अंधारात समईच्या उजेडात बसल्यावर, बारा मावळांतली पोरे एकत्र जमण्यासाठी यापेक्षा योग्य, यापेक्षा आडबाजूची आणि तरीही सर्व खोऱ्यांवर नजर ठेवणारी जागा क्वचितच असेल, हे मात्र मला मनापासून वाटले.

आता घराविषयी. मंदिरापासून थोड्या अंतरावर, कुडाच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेले यजमानांचे घर आहे. त्याला लागून पाहुण्यांसाठी बांधलेली एक मोठी खोली आहे. जमीन शेणाने सारवलेली आणि कोरडी होती. सतरंज्या, चादरी व जाड गोधड्या स्वच्छ होत्या, इतक्या की गोधडीला उन्हाचा वास येत होता. खोलीत खाट नाही. ज्यांना जमिनीवर झोपणे जमत नाही त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. विजेचा एक दिवा व मोबाईल चार्ज करण्यासाठी एक जागा आहे, पण वीज संध्याकाळी दोनदा गेली, म्हणून विजेरी जवळ असावीच. शौचालय घराबाहेर वीस-पंचवीस पावलांवर आहे. ते स्वच्छ होते, परंतु आत दिवा नव्हता आणि दाराची कडी नीट लागत नव्हती. स्त्रियांसाठी ही बाब क्षुल्लक नसते. मी यजमानांना निघताना स्पष्टपणे सांगितले आणि त्यांनीही ते मनावर घेतले. अंघोळीला चुलीवर तापवलेले पाणी बादलीभर मिळाले. डोंगरमाथ्यावर बादलीभर गरम पाणी म्हणजे किती लाकूड आणि किती खेपा, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही दुसरी बादली मागितली नाही.

जंगम मंडळी शाकाहारी आहेत आणि देवाची सेवा त्यांच्याकडे आहे, त्यामुळे या घरांत मांसाहार वा मद्य यांची अपेक्षा कोणी ठेवू नये व सोबतही नेऊ नये. रात्रीच्या जेवणाला नाचणीची भाकरी, पिठले, घेवड्याची भाजी, मिरचीचा खर्डा, कांदा, भात आणि आमटी होती. वाक्यात हे जेवण साधे दिसते. प्रत्यक्षात मात्र आम्ही चुलीपुढे बसलो होतो आणि घरातल्या आजी परातीतले पीठ तळहाताने मळत होत्या. नाचणीचे पीठ ज्वारीसारखे धरून राहत नाही, म्हणून त्या त्याला गरम पाण्याने उकड देत, गोळा परातीत थापताना बोटे सतत पाण्यात बुडवत, आणि भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवून ती निखाऱ्यावर उभी करत. दोन्ही बाजूंनी फुगलेली, काळपट तांबडी भाकरी ताटात पडताच तिच्यातून वाफ निघे. पिठले पातळ होते, त्यात लसूण ठेचून घातलेला होता आणि त्याला तळाशी लागल्याचा किंचित खरपूस वास होता. बहिणीने तिसरी भाकरी घेतली, जी तिने घरी कधी घेतलेली मी पाहिलेली नाही. “आमच्या इथल्या गव्हाची पोळी खायाची तर फाल्गुनात या,” असे आजी म्हणाल्या. या उंचीवर, थंडीत, गहू होतो आणि तो चांगला होतो, ही रायरेश्वराची जुनी ख्याती आहे. सकाळी पोहे, चहा आणि घरच्या म्हशीचे दूध मिळाले. दोन वेळचे जेवण, नाश्ता, चहा व मुक्काम यांचे मिळून दोघींचे जे पैसे झाले ते पुण्यातल्या बऱ्यापैकी हॉटेलात दोघींच्या एका जेवणाला लागतात तेवढेच होते. माझ्या मते हा दर कमी आहे.

या मुक्कामाचे खरे मोल दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. साडेसहाला दार उघडले तर अंगणातले तुळशीवृंदावनही दिसत नव्हते, एवढे धुके उतरले होते. आम्ही बूट चढवून तयार होतो, पण आमच्याबरोबर येणारे यजमानांचे धाकटे बंधू शांतपणे चहा पीत बसले. “आत्ता नका निघू ताई. घटकाभरानं उठंल ते. वाट सगळी गवतात गेलीया,” असे त्यांनी सांगितले. पाऊस सरताना पठारावरचे गवत मांडीपर्यंत वाढलेले असते आणि पायवाटा त्याखाली बुजून जातात. वर काही भागांत कडा गवताच्या रेषेपर्यंत येऊन एकदम तुटतो. धुक्यात परक्या माणसाला ही रेषा कळणे अशक्य आहे. आठच्या सुमारास धुके खरोखरच उठले आणि मगच आम्ही निघालो. वाटाड्याने न निघण्याचा दिलेला तो सल्ला मला त्यांच्या सेवेचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. ज्या आयोजकाला तीन वाजता परतायचेच असते, त्याला असा तास थांबता येत नाही.

मंदिरापासून पश्चिमेला नाखिंदाच्या टोकापर्यंत आमच्या चालीने अडीच तास लागले. ही चाल चढाची मुळीच नाही. पठार लांबच लांब लाटांसारखे उंचावते आणि उतरते. एका उंचवट्यावरून पुढचा उंचवटा दिसतो आणि मधल्या खोलगटात ओल, शेवाळ आणि पाण्याचे बारीक ओहोळ असतात. गवताला तोपर्यंत कणसे धरली होती. वारा आला की सगळा उतार एका बाजूला कलंडे, त्याचा रंग हिरव्याचा रुपेरी होई, आणि वारा पुढे गेल्यावर पुन्हा हिरवा. दव इतके होते की पहिल्या दहा मिनिटांत गुडघ्यापर्यंत भिजलो. ऊन चढल्यावर मात्र कुसळीचे टोकदार बी मोज्यांत असे रुतून बसले की नंतर घरी चिमट्याने काढावे लागले. लांब विजार आणि घोट्यावर घट्ट बसणारे बूट घालावेत, एवढे सांगून पुढे जाते.

इथे झाडे का नाहीत, हा प्रश्न बहिणीने विचारला आणि तो चांगला प्रश्न होता. माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्यावरची माती बऱ्याच ठिकाणी वीतभरही नाही. पावसाळ्याचे चार महिने ती पाण्याने भरलेली आणि पुढचे आठ महिने कोरडी असते. त्यात वारा सतत आणि गुरांची चराई. एवढ्या थोड्या मातीत आणि एवढ्या थोड्या अवधीत जगून, बी टाकून मोकळे होणे गवताला आणि लहान फुलझाडांना जमते, मोठ्या झाडाला जमत नाही. झाडे आहेत ती उताराच्या घळींत, जिथे माती वाहून येऊन साठते. तिथे जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट राई आहे. उघड्या पठाराला ‘ओसाड’ म्हणण्याची अनेकांना सवय असते. त्यांनी एकदा इथे गुडघ्यांवर बसून पाहावे.

आम्ही तसे बसलो. वाटेत एका सपाट कातळावर परातीएवढ्या खळग्यात दोन बोटे पाणी साचले होते. त्याच्या कडेने गेंदाची पांढरी, गुंडीसारखी गोल फुले, प्रत्येक आपल्या केसासारख्या बारीक दांड्यावर, शंभर तरी असतील. त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी, नखाएवढी फुले डोकावत होती. ही वनस्पती दिसायला इतकी नाजूक, परंतु ओल्या मातीत तिच्या मुळांसारख्या तंतूंवर सूक्ष्म फुगे असतात. पाण्यातला अतिसूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि तिथेच जिरतो. जांभ्याच्या मातीत नत्र फार कमी असते, त्याची भरपाई ती अशी करते. खळग्याच्या तळाशी बोटभर गाळ, त्यात एवढा संसार, आणि दहा पावलांवर कोणाच्या तरी बुटाने असाच एक खळगा तुडवून चिखल केलेला. आमचे वाटाडे कातळावर चालताना नेहमी कोरड्या दगडावरच पाऊल टाकत होते. हे मी नंतर पाहिले आणि तसेच चालू लागले. तेरडा, सोनकी आणि कवल्याची पिवळी फुले उतारांवर एवढी होती की त्यांचे वेगळे वर्णन करीत नाही. डोक्यावर चंडोल उंच जाऊन गात राहत आणि गाणे संपले की दगडासारखे गवतात पडत.

पठाराच्या मध्यावर एका उंचवट्यावर वाटाडे थांबले आणि त्यांनी दोन्ही हात दोन बाजूंना पसरले. उत्तरेला पडलेले पाणी नीरेच्या खोऱ्यात जाते, तिथे देवघर धरणाचा जलाशय चकाकत होता. दक्षिणेला पडलेले पाणी जांभळी खोऱ्यातल्या वाळकी नदीतून धोम धरणात, म्हणजे कृष्णेत जाते. पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले आणि दोन खोऱ्यांत गेले, तर नीरेचा थेंब नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळतो, भीमा पंढरपूर करून पुढे कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळते, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर वेगळे झालेले पाणी तिथे पुन्हा एक होते. नकाशावर ही गोष्ट मी शाळेत असताना शिकले होते. त्या उंचवट्यावर उभे राहून मात्र दोन जलाशय एकाच नजरेत दिसतात, आणि पायाखालचे गवत त्या दोहोंच्या मधोमध असते.

नाखिंदाला कड्याच्या कडेला नेढे आहे, म्हणजे कातळात आरपार पडलेले भोक. त्यातून येणारा वारा कानठळ्या बसवतो. तिथवर उतरण्याची वाट घसरणीची आहे आणि बहिणीला वाटाड्यांनी नम्रपणे, पण ठामपणे, वरच थांबवले. माथ्यावरून जे दिसते ते शांतपणे पाहायला किमान एक तास हवा. उत्तरेला तोरणा आणि राजगड शेजारी शेजारी, ईशान्येला रोहिडा, त्यामागे पुरंदर. पश्चिमेला घाटाखाली कोकणच्या दिशेने उतरत गेलेल्या डोंगररांगा आणि निवळ हवेत रायगडाचा सपाट माथा. दक्षिणेला जांभळी खोऱ्यापलीकडे कोळेश्वराचे झाडीने काळे पडलेले पठार, त्याच्या टोकाला कमळगड, आणि त्यामागे महाबळेश्वर. वाटाडे प्रत्येक डोंगराचे नाव सांगत आणि त्याबरोबर त्यांच्या नात्यागोत्यातली माहितीही येई: त्या खोऱ्यात बहीण दिली आहे, त्या वाडीतून पूर्वी मीठ यायचे, त्या खिंडीतून आजोबा पायी महाबळेश्वरला जायचे. छापील नकाशात ही माहिती नसते. आम्ही तासाहून अधिक वेळ तिथे बसलो आणि त्या अवधीत एक गुराखी सोडला तर दुसरे माणूस दिसले नाही.

परतताना सात रंगांच्या मातीची जागा पाहिली. काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाचा, उष्ण व दमट हवेत दीर्घकाळ क्षय होत गेला की विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात. लोहाच्या निरनिराळ्या स्थितींमुळे माती तांबडी, पिवळी, जांभळट होते आणि लोह धुऊन गेलेला भाग पांढुरका राहतो. एकाच दरडीत हे सगळे रंग हातभर अंतरात दिसतात, हे खरोखरच पाहण्याजोगे आहे. दुःख एवढेच की ती दरड पोखरली जात आहे. येणारा प्रत्येक जण पुडीत थोडी थोडी माती बांधून नेतो, ती घरी फडताळात राहते आणि यथावकाश केरात जाते. श्रावणातल्या त्या सहलीत मीही एक पुडी नेली होती. यजमान कुटुंबांनी इथे ‘माती नेऊ नये’ असा एक साधा फलक लावावा आणि वाटाड्यांनी ते तोंडीही सांगावे, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

उणिवांपैकी शौचालयाचे वर सांगितलेच. वाटाड्याचे मानधन आधी ठरलेले नव्हते. “द्या समजून” असे उत्तर आले आणि काय द्यावे या विचारात आम्ही दोघी उगाच अवघडलो. पूर्ण दिवस सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस शेतातून गेलेला असतो, त्यामुळे हा आकडा त्यांनी स्वतःच, संकोच न करता, फोनवरच सांगावा हे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे. मोबाईलचे नेटवर्क येते-जाते. निरोप पोचलाच असे धरून चालू नये. मंगळवारी रात्री पलीकडच्या घरी उतरलेल्या एका गटाने ध्वनिक्षेपक लावला होता. आमच्या यजमानांनी जाऊन तो दहा वाजता बंद करवला, परंतु सूर्यास्त ते दहा या वेळात पठारावरची शांतता गेली ती गेलीच. अशी साधने वर आणूच नयेत, असा नियम सर्व घरांनी मिळून केला तर त्यांचे एकही गिऱ्हाईक कमी होणार नाही अशी माझी खात्री आहे. रात्रीचे उरलेले अन्न मात्र खाली कचऱ्यात न जाता म्हशीच्या पुढ्यात जाते, आणि प्लास्टिकच्या बाटल्या त्यांनी आम्हांला आमच्याच पिशवीतून परत न्यायला लावल्या, हे मला फार आवडले.

ऋतूंविषयी थोडे. भर पावसात धुक्यामुळे पठार दिसतच नाही आणि कडे धोक्याचे होतात; हौसेने भिजायचे असेल तर मंदिरापर्यंत जावे, पश्चिमेकडे जाऊ नये. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा फुलांचा व गवताचा काळ. डिसेंबर-जानेवारीत गवत सोनेरी होते, वारा बोचतो, आकाश स्वच्छ असते आणि लांबचे किल्ले याच दिवसांत सर्वांत ठळक दिसतात. त्यापुढे गवत वाळून कोरडेठाक होते. एखाद्या विडीच्या थोटकाने किंवा नीट न विझवलेल्या चुलीने लागलेला वणवा अख्खा उतार खाऊन जातो आणि त्याबरोबर गुरांची वर्षाची वैरणही. मार्चनंतर जाणाऱ्यांनी पठारावर कुठेही जाळ करू नये. एक दिवस हाताशी जास्त असल्यास खिंडीपलीकडचा केंजळगड करावा. तो लहान आहे आणि कातळात कोरलेल्या पन्नासहून अधिक पायऱ्या चढून जाण्यात वेगळाच आनंद आहे, पण रायरेश्वराचा वेळ कापून तो करू नये.

ज्यांना एका दिवसात चार ठिकाणे पाहायची आहेत, ज्यांना खाट व आतले स्नानगृह हवे आहे, किंवा लहान मुलांना कड्याजवळ सांभाळणे जमणार नाही, त्यांना मी हा मुक्काम सुचवणार नाही. तासन्‌तास सपाटीवर, गवतातून, फारसे न बोलता चालण्यात ज्यांना समाधान वाटते त्यांना मात्र पुण्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर यापेक्षा चांगले ठिकाण मला ठाऊक नाही. जायचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा. निदान दोन दिवस आधी फोन करावा, माणसे किती ते नक्की सांगावे आणि नंतर संख्या बदलू नये, कारण तुमच्यासाठी लागणारे तेल-साखर कोणीतरी खालून आणणार असते. आमच्या यजमानांना विचारले, येताना तुमच्यासाठी काय आणू. त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितले की आजींच्या डोळ्यांत घालायचे औषध भोरला मिळत नाही, ते पुण्याहून आणले तर बरे होईल. औषधाच्या जुन्या कागदी खोक्याचा तुकडा त्यांनी माझ्या हाती दिला. फाल्गुनात, गव्हाच्या वेळी, आम्ही दोघी पुन्हा जात आहोत.